झेडओडीबीत ‘एकूण किती?’ विचारलं की अडकतं किंवा चुकतं: दर हंगामातली दुरुस्ती

देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात सात ठिकाणी माझे प्रोग्रॅम चालतात. आंबा पॅकिंगची गोदामं, एक मच्छीमार संस्था, एक वाचनालय. सगळीकडे पायथन आणि खाली झेडओडीबी, म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे फायलीत साठवणारा डेटाबेस. वेगळा डेटाबेस सर्व्हर सांभाळायला गावात माणूस नसतो आणि झेडओडीबीचा सगळा संसार ‘डेटा.एफएस’ नावाच्या एका फायलीत मावतो, म्हणून तेव्हा तो निवडला. पस्तावलो नाही. पण एक बिघाड मी प्रत्येक ठिकाणी एकदा तरी आणि एका गोदामात तीनदा दुरुस्त केलाय: स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातला ‘एकूण पेट्या’ हा आकडा.

हा डेटाबेस झोप नावाच्या वेब फ्रेमवर्कबरोबर आला. हे मी एका गोदामाच्या काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणानच झोपता काय तो?” त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर खाली आहे. क्लास आणि मेथडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.

लक्षणं

आधी तुमचं लक्षण यातलं कुठलं ते ठरवा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

- बाकी पानं झटकन उघडतात, फक्त ‘एकूण’ दाखवणारं पान लटकतं. पेट्या वाढल्या की जास्त लटकतं. मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा सगळ्यात जास्त, लगेच दुसऱ्यांदा उघडलं तर बरं.
- ते पान उघडल्यावर प्रोग्रॅमची मेमरी फुगते आणि मग बाकीची पानंही जड होतात.
- भिंतीवरच्या टीव्हीवर सकाळचाच आकडा दुपारपर्यंत. रिस्टार्ट केलं की बरोबर.
- आकडा पेट्यांच्या काही पटीत मोठा. किंवा एका रात्रीत बराच खाली.
- आकडा दोन-चारने चुकतो. गर्दीच्या दिवशी जास्त.
- लॉगमध्ये कॉन्फ्लिक्ट एररची (दोघांनी एकच वस्तू एकदम बदलल्याची) रांग, तीही ट्रक भरायच्या वेळी.
- पेटी यादीत दिसते, पण नंबर टाकून शोधली तर सापडत नाही. किंवा ‘पॉसकीएरर’ (हवी ती वस्तू फायलीत सापडत नाही) असं काहीतरी येतं.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा, थेट ‘इथे थांबा’ या भागात जा. बाकीच्यांनी वरून खाली या. क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावलाय.

१. तुम्ही नक्की काय मोजताय? (खर्च: एक मिनिट)

हे हास्यास्पद वाटेल, पण दोनदा रोग इथेच सापडला. डेटाबेसच्या मुख्य ऑब्जेक्टवर ‘ऑब्जेक्टकाउंट’ नावाची मेथड असते. नाव इतकं सरळ आहे की नवीन मुलगा तीच वापरतो. ती तुमच्या पेट्या मोजत नाही. ती फायलीतले सगळे पर्सिस्टंट (म्हणजे स्वतंत्र साठवलेले) ऑब्जेक्ट मोजते: पेट्या, बागायतदार, पावत्या, त्यांना धरून ठेवणाऱ्या झाडाच्या (बीट्री, तिसऱ्या तपासणीत येतं) अंतर्गत गाठी, आणि तुम्ही डिलीट केलेल्या पण अजून पॅक न केलेल्या वस्तूसुद्धा. झेडओडीबीची फाईल फक्त शेवटी वाढत जाते. जुनं पुसलं जात नाही, ते पॅक करताना जातं.

एका गोदामात ‘शिल्लक पेट्या’ म्हणून हाच आकडा दिसत होता. मी रविवारी रात्री पॅक केलं, सोमवारी सकाळी आकडा खाली. मालकाने रात्रपाळीच्या गड्याला बोलावून विचारपूस सुरू केली होती. मी पोचलो तेव्हा तो बिचारा कुलपाची चावी हातात घेऊन उभा होता. चूक माझ्या आधीच्या माणसाची, पण पॅक माझं. त्या दिवशीचा चहा मीच पाजला.

तशीच दुसरी फसवी मेथड ‘कॅशसाइझ’. ती फक्त या घडीला मेमरीत असलेले ऑब्जेक्ट सांगते. तुमच्या आकड्याशी तिचा काही संबंध नाही.

फायलीत कुठल्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत असा ढोबळ अंदाज हवा असेल तर झेडओडीबीसोबत ‘अ‍ॅनालाइझ’ नावाची स्क्रिप्ट येते, ती फायलीच्या कॉपीवर चालवा. ती निदानासाठी आहे, स्क्रीनवर दाखवण्यासाठी नाही.

२. आकडा शिळा आहे का? (खर्च: पाच मिनिटं)

टीव्हीवाला प्रोग्रॅम रिस्टार्ट केला की आकडा सुधारतो का बघा. सुधारला तर मोजणीत काही चूक नाही. झेडओडीबीचं कनेक्शन ट्रान्झॅक्शन (एकदम पक्कं किंवा एकदम रद्द होणारं काम) सुरू झालं त्या क्षणाचं चित्र धरून ठेवतं, दुसऱ्याने नंतर काय भरलं ते त्याला मुद्दाम दाखवलं जात नाही. टीव्हीवाला प्रोग्रॅम सकाळी आठला कनेक्शन उघडून नुसता वाचत बसला असेल तर त्याच्या लेखी अजून आठच वाजलेत. दर वेळी आकडा वाचण्याआधी नवीन ट्रान्झॅक्शन ‘बिगिन’ करा, वाचून झालं की ‘अबॉर्ट’ करा. काही लिहिलेलं नसल्याने अबॉर्टने काही बिघडत नाही. एवढंच.

३. कोडमध्ये ‘लेन’ शोधा (खर्च: अर्धा तास)

झोपण्याचं खरं कारण हे. एडिटरमध्ये ‘लेन’ (पायथनचं लांबी सांगणारं फंक्शन) शोधा, टेम्प्लेटमध्येही शोधा, कारण ते तिथेच लपलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: कंसातली वस्तू साधी यादी आहे की बीट्री, म्हणजे नोंदी क्रमाने लावून ठेवणारं झाड?

साध्या पायथन यादीला किंवा डिक्शनरीला आपली लांबी पाठ असते. बीट्रीला नसते. झेडओडीबीतलं बीट्री म्हणजे एक वस्तू नाही, हजारो छोट्या वस्तूंची साखळी आहे. टोकाच्या खोक्यांना बकेट म्हणतात. ‘ओओबीट्री’ या नेहमीच्या प्रकारात एका बकेटमध्ये जास्तीत जास्त ३० नोंदी राहतात, भरली की बकेट दुभंगते आणि अर्ध्या नोंदी नव्या बकेटमध्ये जातात. प्रत्येक बकेट फायलीत स्वतंत्र साठवलेली असते. ‘लेन’ विचारलं की बीट्री पहिल्या बकेटपासून सुरू करून प्रत्येक बकेट डिस्कवरून उचलते, आतल्या नोंदी मोजते, पुढच्या बकेटकडे जाते, शेवटापर्यंत.

आता आपल्याकडचा नमुना घ्या. पेटीचे नंबर चढत्या क्रमाने येतात. नवीन नोंद नेहमी शेवटच्या बकेटमध्ये, ती दुभंगते, मागे राहिलेल्या अर्ध्या बकेटमध्ये पुन्हा कधीच काही येत नाही. म्हणजे ३० ची बकेट प्रत्यक्षात १५ वर अडकते. एक लाख पेट्या असतील तर सुमारे ६,६०० बकेट. दर वेळी पान उघडलं की ६,६०० वेळा डिस्कवर. झिओ सर्व्हर (झेडओडीबी नेटवर्कवरून देणारा) दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर असेल तर ६,६०० वेळा नेटवर्कवर. एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी साडेसहा सेकंद. समुद्राच्या खाऱ्या हवेत पाच वर्षं काढलेली फिरती हार्ड डिस्क असेल तर चहा टाका.

मेमरीचं लक्षणही यातूनच येतं. कोडमधून डेटाबेस उघडताना काही सांगितलं नाही तर प्रत्येक कनेक्शनची कॅश (मेमरीत हाताशी ठेवलेले ऑब्जेक्ट) ४०० ऑब्जेक्टची असते, पण ही मर्यादा ट्रान्झॅक्शन संपताना पाळली जाते, मध्ये नाही. तोवर सगळ्या बकेट आत येऊन बसतात. नंतर साफसफाई होते तेव्हा रोज लागणारे ऑब्जेक्टही त्यांच्यासोबत बाहेर पडतात. म्हणून बाकीची पानंही जड.

बीट्रीने लांबी स्वतःच का लिहून ठेवली नाही, असं काकांनी विचारलं होतं. ठेवली असती तर प्रत्येक नव्या नोंदीला झाडाच्या मुळावरचा आकडा बदलावा लागला असता आणि एका वेळी दोघांनी पेटी भरली की दोघांची टक्कर झाली असती. लिहिणाऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून मोजणाऱ्याला किंमत मोजायला लावली आहे. हा सौदा मला योग्य वाटतो.

‘लेन’ सापडलं की ते कशासाठी आहे ते बघा.

‘काही आहे की नाही’ एवढंच हवं असेल तर लेन काढून टाका, थेट ‘इफ पेट्या’ लिहा. रिकामं आहे का हे सांगायला बीट्रीला सगळं फिरावं लागत नाही. माझ्या अनुभवात अर्ध्या वेळा एवढ्यावर काम भागतं.

पुढचा पेटी नंबर काढायला ‘लेन अधिक एक’ लिहिलं असेल तर आजच बदला. हा नुसता संथपणा नाही, यात माल हरवतो. शंभर पेट्यांतली चाळीसावी डिलीट केली की लेन ९९, पुढचा नंबर १००, आणि शंभराव्या पेटीवर नवी पेटी चढते. जुनी गेली, आवाजही न करता. ‘मॅक्सकी अधिक एक’ वापरा. मॅक्सकी झाडातला सगळ्यात मोठा नंबर देते, त्यासाठी ती फक्त झाडाच्या उजव्या फांदीने खाली उतरते. झाड रिकामं असेल तर मॅक्सकी व्हॅल्यू एरर देते, तेवढं आधी तपासा.

‘रवाना झालेल्या पेट्या किती’ यासाठी सगळ्या व्हॅल्यूंवर लूप फिरवून स्थिती तपासत असाल तर ते लेनपेक्षा वाईट. लेन निदान फक्त बकेट उघडतं. इथे प्रत्येक पेटी उघडली जाते.

वेळ मोजताना एक काळजी: नवीन कनेक्शनवर पहिल्यांदा लागलेला वेळच खरा. दुसऱ्यांदा सगळं कॅशमधून येतं आणि ‘माझ्याकडे तर फास्ट चालतंय’ असं वाटतं. शहरात बसून दोनशे पेट्यांवर टेस्ट करणाऱ्याला हा बिघाड जन्मात दिसणार नाही.

४. मोजणी वेगळी ठेवा: लेंग्थ (खर्च: एक दुपार)

ट्रकमध्ये पेट्या चढवताना दाराशी एक माणूस खडू घेऊन उभा असतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ट्रक भरल्यावर कोणी आत शिरून पेट्या मोजत नाही, रेघा मोजतात. डेटाबेसमध्ये तो खडूवाला म्हणजे ‘बीट्रीज’ पॅकेजच्या ‘लेंग्थ’ मोड्यूलमधला ‘लेंग्थ’ क्लास. बीट्रीच्या शेजारी तो एकदा तयार करून ठेवायचा. पेटी आली की ‘चेंज’ला १, गेली की उणे १. आकडा हवा तेव्हा त्यालाच फंक्शनसारखं बोलवायचं. एक छोटा ऑब्जेक्ट डिस्कवरून येतो, बस.

“साधा पूर्णांक ठेवला तर काय होतं?” हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ मुलगा विचारतो. एका माणसाने एका मशीनवर काम केलं तर काही होत नाही. पण मोसमात चार काउंटरवर चार मुलं स्कॅन करत असतात. पूर्णांक गोदामाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवला तर प्रत्येक पेटीला तोच ऑब्जेक्ट बदलतो. दोघांनी एका वेळी बदलला की दुसऱ्याला कॉन्फ्लिक्ट एरर, त्याचं ट्रान्झॅक्शन रद्द, पुन्हा पहिल्यापासून. लॉगमधली ती रांग ही.

लेंग्थला टक्कर सोडवता येते. हिशेब शाळेतला आहे: पहिल्याचा आकडा अधिक दुसऱ्याचा आकडा वजा मूळ आकडा. मूळ ५००. एका काउंटरने तीन भरल्या, त्याच्या लेखी ५०३. दुसऱ्याने एक काढली, त्याच्या लेखी ४९९. दोघं एकदम कमिट (बदल पक्के) करतात. ५०३ अधिक ४९९ वजा ५००, म्हणजे ५०२. बरोबर.

या हिशेबावरच पुढचे दोन खड्डे आहेत.

पहिला: लेंग्थवरून पावती नंबर काढू नका. दोन काउंटर एकाच वेळी ५०० वाचतात, दोघंही ५०१ नंबरची पावती छापतात, आणि लेंग्थ ती टक्कर शहाण्यासारखी मिटवून आकडा ५०२ करते. आकडा खरा, पावत्या दोन एकाच नंबरच्या. इथे साधा पूर्णांकच बरा, कारण तो भांडतो आणि दुसऱ्याला नवा नंबर घ्यायला लावतो.

दुसरा खड्डा मी स्वतः खणलेला. तो सहाव्या तपासणीत सांगतो.

आणखी एक: दर वेळी नवीन लेंग्थ तयार करून जुन्याच्या जागी ठेवलेली मी पाहिली आहे. मग बाहेरचा ऑब्जेक्ट पुन्हा दर पेटीला बदलतो आणि आपण साध्या पूर्णांकावर परत येतो, फक्त जास्त कोड लिहून.

५. आकडा थोडा चुकतो (खर्च: एक दिवस आणि डोकं)

आता लेंग्थ आहे, पान झटकन उघडतं, आणि आठ दिवसांनी फोन येतो: “रे, आकडो परत चुकलो.” लेंग्थला झाडाची काहीच माहिती नसते. खडूवाल्याने रेघ मारायची विसरली तर ट्रकला कळत नाही.

रात्री गोदाम बंद झाल्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहा: लेंग्थचा आणि खऱ्या लेनचा. फरक कुठल्या बाजूला आहे त्यावर कारण ठरतं.

लेंग्थ जास्त असेल तर बहुतेक जुन्या नंबरवर पुन्हा लिहिलं गेलं आणि तरी १ वाढवला. स्कॅनरने एकच स्टिकर दोनदा वाचला की हेच होतं. इथे बीट्रीची ‘इन्सर्ट’ मेथड कामाची आहे. नंबर नवीन असेल तर ती नोंद घालते आणि १ परत देते, आधीच असेल तर काही न करता ० देते. तिचं उत्तर सरळ चेंजमध्ये टाका. स्कॅनर दहा वेळा ‘टीट’ करू दे, आकडा एकनेच वाढेल. नोंद बदलायची असेल तर ते वेगळं फंक्शन, त्यात चेंज नको. लेंग्थ जास्त असण्याचं दुसरं कारण म्हणजे मागच्या दाराने झालेलं डिलीट: कोणीतरी कन्सोलवरून पेट्या काढल्या आणि उणे १ केलंच नाही.

लेंग्थ कमी असेल तर कुठूनतरी पेट्या मोजणीशिवाय आत आल्यात. नव्वद टक्के वेळा ती एक्सेलवरून माल चढवणारी स्क्रिप्ट असते. ती थेट ‘अपडेट’ने झाड भरते. एका बागायतदाराचा मुलगा पुण्याहून यादी पाठवायचा आणि ती दर शनिवारी चढायची. फरक फक्त रविवारी का दिसतो हे कळायला मला तीन आठवडे लागले.

उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: झाडात घालणारं एक फंक्शन, काढणारं एक, आणि बाकी कुठेही झाडाला थेट हात नाही. काढतानाही नंबर आहे का ते बघूनच उणे १. सगळ्या पेट्या एकदम रिकाम्या करणारं बटण असेल तर तिथे लेंग्थलाही शून्यावर सेट करा.

जुनाट नोंदी लूपमध्ये काढत असाल तर आधी किल्ल्यांची (म्हणजे झाडातल्या ‘की’ची, आपल्याकडे पेटी नंबरांची) स्वतंत्र यादी करा आणि मग त्या यादीवर फिरा. चालत्या झाडावर फिरता फिरता त्याच्याच फांद्या तोडल्या तर काही नोंदी सुटतात किंवा मध्येच एरर येते.

६. पुन्हा मोजणी (खर्च: एक शांत रात्र)

चूक सापडली, कोड सुधारला. आता लेंग्थला एकदा खऱ्या लेनवर सेट करायचं. गंमत म्हणजे काम चालू असतानाही हे सुरक्षित आहे. तुम्ही तुमच्या क्षणाच्या चित्रात मोजता, तेवढ्यात कोणी एक पेटी भरली तर वरचाच हिशेब ती एक तुमच्या आकड्यात मिळवतो.

पण दोन जणांनी एकदम पुन्हा मोजणी केली तर? लेंग्थ ४८०, खऱ्या पेट्या ५००. दोघंही ५०० सेट करतात. ५०० अधिक ५०० वजा ४८०. आकडा ५२०. दुरुस्ती दोनदा लागू झाली.

मी मालकाच्या स्क्रीनवर हौसेने ‘पुन्हा मोजा’ असं बटण दिलं होतं. काका ब्राउझरमधल्या प्रत्येक गोष्टीवर डबल क्लिक करतात. चुकीच्या आकड्याला विरुद्ध बाजूला तितकंच चुकवणारं बटण मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि दोन दिवस सुधारलेल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसलो. आता ते बटण नाही. रात्री अडीचला एक स्क्रिप्ट एकटी चालते, आधीची चालू असेल तर स्वतः थांबते, आणि फरक शून्य नसेल तर सेट करण्याआधी तो फाईलमध्ये लिहून ठेवते. फरक न नोंदवता गुपचूप आकडा सरळ करणारी स्क्रिप्ट लिहू नका. मग पाचव्या तपासणीतला रोग कधीच सापडणार नाही.

गटवार आकडे हवे असतील, म्हणजे बागायतदारागणिक किंवा तारखेगणिक, तर दोन रस्ते आहेत. गट लहान असेल तर किल्ल्यांना खालची-वरची मर्यादा देऊन तेवढ्याच मोजा. त्या पट्ट्यातल्या बकेटच उघडतात. मोठा असेल तर प्रत्येक गटाला आपली लेंग्थ. मच्छीमार संस्थेत मी बोटीगणिक लेंग्थ ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मी जुने आकडे ताळून घेतो.

७. लेंग्थ आहे तरी कॉन्फ्लिक्ट थांबत नाहीत

आता टक्कर मोजणीत नाही, बकेटमध्ये आहे. एकाच बकेटमध्ये दोघांनी वेगवेगळे नंबर घातले तर बीट्री ते जुळवते, पण त्याच वेळी बकेट दुभंगली तर जुळवता येत नाही. चढत्या नंबरांमुळे सगळे काउंटर एकाच शेवटच्या बकेटवर तुटून पडतात. मी नंबराच्या पुढे काउंटरचं अक्षर लावलं: क-००१, ख-००१. चारही जण झाडाच्या चार कोपऱ्यांत गेले. उरलेल्या तुरळक टकरींसाठी तीन वेळा पुन्हा प्रयत्न करणारा लूप पुरतो. मात्र त्या लूपमध्ये आधी अबॉर्ट हवं. आणि डेटाबेसबाहेरच्या, नुसत्या मेमरीतल्या व्हेरिएबलमध्ये आकडा वाढवत असाल तर तो अबॉर्टने मागे येत नाही. तीन प्रयत्नांना तीन वाढतो.

इथे थांबा

पॉसकीएरर, ‘करप्टेड डेटा’ अशी एरर, यादीत दिसणारी पण शोधून न सापडणारी पेटी, डिस्कमधून येणारी कटकट: यातलं काहीही असेल तर हा मोजणीचा प्रश्न राहिला नाही.

तुमच्या हातात एवढंच आहे. प्रोग्रॅम बंद करा. डेटा.एफएसची कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या. त्या कॉपीवर ‘एफएसटेस्ट’ चालवा, ती फायलीची ठेवण तपासते. कॉपी उघडून बीट्रीची अंतर्गत ‘चेक’ मेथड आणि ‘बीट्रीज’मधलं ‘चेक’ मोड्यूल चालवा, ते झाडाच्या गाठी आणि किल्ल्यांचा क्रम तपासतात. तिन्ही निमूट पार पडले तर वर जाऊन पुन्हा पाचव्यापासून बघा. काही बोलले तर ते जसंच्या तसं उतरवून घ्या आणि हात मागे घ्या.

पॅक करू नका. ही चूक मी लोकांना सगळ्यात जास्त करताना पाहिली आहे, ‘जरा साफ करून बघू’ म्हणून. हरवलेली वस्तू जुन्या आवृत्तीतून परत मिळण्याची आशा असते आणि पॅक नेमक्या जुन्या आवृत्त्या फेकतं. मागच्या पॅकची ‘डेटा.एफएस.ओल्ड’ पडलेली असेल तर तिला हात लावू नका. फक्त ‘.इंडेक्स’ची फाईल काढलीत तर चालतं, ती पुढच्या वेळी उघडताना पुन्हा बनते, वेळ लागतो इतकंच.

पावसाळ्यात लाइट जाऊन मशीन बंद पडलं आणि परत उघडताना प्रोग्रॅमने शेवटचं अर्धवट ट्रान्झॅक्शन कापलं, अशी नोंद लॉगमध्ये दिसली तर घाबरू नका. कापलेला तुकडा तो ‘.टीआर०’सारख्या नावाने शेजारी ठेवतो. तोही जपून ठेवा. शेवटची एखादी पेटी पुन्हा स्कॅन करावी लागेल.

डिस्क कटकट करत असेल तर आधी हार्डवेअरवाला, मग डेटाबेसवाला. उलट क्रमाने गेलात तर दुरुस्त करायला फाईल उरणार नाही. आणि पैशांच्या नोंदी, बागायतदारांची येणी, याच फायलीत असतील तर वरच्या तपासण्याही स्वतः करू नका. कॉपी घ्या आणि झेडओडीबी आतून माहीत असलेल्या माणसाला बोलवा.

तो आल्यावर पहिल्यांदा हे विचारेल, तेव्हा कागदावर काढून ठेवा: शेवटचं पॅक कधी झालं, रेपोझोने (झेडओडीबीच्या बॅकअप स्क्रिप्टने) घेतलेला शेवटचा बॅकअप कुठला, पायथन आणि झेडओडीबीची व्हर्जन, एररच्या शेवटच्या वीस ओळी, आणि आकडा शेवटचा बरोबर कधी होता. कॉपी पेनड्राइव्हवर द्या. माझ्याकडे एकदा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेला आला होता, पाच डझनी पेटीत, पेंढ्याखाली. पेनड्राइव्ह सापडायला अख्खी पेटी उपसावी लागली.